टेबलात 40, मैदानावर 48 : एव्हर्टनच्या त्या सीझनबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात एव्हर्टनच्या 2023-24 च्या सीझनबद्दल थोडं लिहिलं होतं, की एकाच सीझनमध्ये दोनदा पॉइंट कापले गेले, मिळून आठ, तरी हा क्लब इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये 15व्या नंबरवर टिकला (वीस क्लबांतले शेवटचे तीन खालच्या डिव्हिजनमध्ये जातात) आणि माझ्यासाठी ती त्या वर्षातली सगळ्यात जिद्दीची कामगिरी होती. एवढ्यावर ठाण्यातून आणि खाडीपलीकडून नवी मुंबईतून इतके प्रश्न आलेत की या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच देतोय. बरेच प्रश्न सारखे होते म्हणून त्यातला एकेकच घेतलाय, ज्यांचं पत्र इथे दिसत नाही त्यांनी रागावू नका.

प्रश्न : माझा मुलगा सातवीत आहे आणि एव्हर्टनचा फॅन आहे. शाळेत सगळे मँचेस्टर सिटी नाहीतर लिव्हरपूलवाले, ते त्याला अजून चिडवतात की तुमचा क्लब चीटर आहे म्हणून पॉइंट कापले. तो घरी येऊन गप्प बसतो. मला फुटबॉलमधलं फार कळत नाही, पण क्लबने नेमकं केलं काय होतं आणि मी त्याला काय सांगू? (एक आई, घोडबंदर रोड, ठाणे)

ताई, आधी त्याला हे सांगा की यात मॅच फिक्सिंग नाही, रेफरीला पैसे नाहीत, डोपिंग नाही, मैदानावर कसलीच लबाडी नाही. प्रकरण सगळं हिशोबाचं आहे. प्रीमियर लीगचा तेव्हाचा नियम असा होता की क्लबने तीन वर्षांत मिळून जास्तीत जास्त 105 मिलियन पौंड तोटा करायचा, त्याच्या पुढे गेलात की कारवाई. अकादमी, मुलींची टीम, स्टेडियमचं बांधकाम असले खर्च त्यातून वगळायचे आणि कोविडच्या दोन वर्षांची सरासरी धरली होती. 2021-22 ला संपलेल्या हिशोबात एव्हर्टनचा आकडा निघाला 124.5 मिलियन, म्हणजे मर्यादेपेक्षा 19.5 मिलियन जास्त, आपल्या पैशात साधारण 200 कोटी. मर्यादा ओलांडली हे क्लबने स्वतःच मान्य केलं होतं, भांडण होतं ते किती ओलांडली आणि त्याला शिक्षा किती यावर.

शिक्षा आली 17 नोव्हेंबर 2023 ला, दहा पॉइंट. तेव्हा 12 मॅच झाल्या होत्या, एव्हर्टन 14 पॉइंट घेऊन 14व्या नंबरवर बऱ्यापैकी निवांत होता, आणि एका दुपारी 14 चे चार झाले आणि टीम 19व्या नंबरवर. विचार करा, तीन महिने घाम गाळून मिळवलेलं एका कागदावर गेलं. पुढची मॅच घरच्या मैदानावर, मँचेस्टर युनायटेडशी, पब्लिकने गुलाबी कार्डं हातात धरून निषेध केला, सगळं स्टेडियम ओरडतंय आणि तिसऱ्याच मिनिटाला युनायटेडच्या गार्नाचोने ती ओव्हरहेड किक मारली, 0-3 हरले. म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.

मग अपील झालं आणि 26 फेब्रुवारीला दहाचे सहा झाले. दहा का टिकले नाहीत याचं एक कारण तुमच्या मुलाला नक्की समजेल. क्लब दिवाळखोरीत गेला तर प्रीमियर लीगमध्ये नऊ पॉइंट कापतात, 2010 मध्ये पोर्ट्समथचे तेवढेच कापले होते, मग जो क्लब बुडालेला नाही, फक्त मर्यादेबाहेर गेलाय, त्याला दिवाळखोरापेक्षा मोठी शिक्षा कशी काय? पण तेवढ्यावर सुटका नव्हती. पुढच्या तीन वर्षांच्या हिशोबात परत मर्यादा ओलांडल्याचं निघालं आणि 8 एप्रिल 2024 ला आणखी दोन गेले. त्या दोन हिशोबांतली दोन वर्षं तीच होती हे लक्षात घेऊनच ही दुसरी शिक्षा कमी ठेवली. त्याच सीझनमध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टचेही चार कापले होते, त्यामुळे खाली टेबल बघायचं म्हणजे कॅल्क्युलेटर घेऊनच बसायला लागायचं.

मुलाला खोटं काही सांगू नका. क्लबने नियम मोडला हे खरंच आहे. पण मोडला तो ऑफिसात बसलेल्यांनी, आणि त्याआधीच्या वर्षांत. जे अकराजण त्या सीझनमध्ये खेळत होते त्यांनी 13 मॅच जिंकल्या, 9 ड्रॉ केल्या, 48 पॉइंट कमावले, आणि कापले नसते तर टीम 12व्या नंबरवर असती. टेबलात 40 लिहिलेत. त्याने शाळेत जाऊन 48 सांगावं आणि मान वर करून सांगावं.

प्रश्न : मी रिटायर्ड बँकवाला, फुटबॉल नातवामुळे बघायला लागलो. टीव्हीचे एवढे पैसे येतात तरी क्लब तोट्यात कसा जातो हे काही उमगत नाही. गडबड नक्की कुठे झाली? (नौपाडा, ठाणे)

काका, तुमचा प्रश्न वाचून मला खूप बरं वाटलं, कारण त्या सीझनची खरी गोष्ट ताळेबंदातच आहे आणि तिकडे कोणी बघतच नाही.

2016 मध्ये फरहाद मोशिरी क्लबमध्ये पैसा घेऊन आले. एव्हर्टनने नऊ वेळा लीग जिंकली पण शेवटची 1987 मध्ये, आणि शेवटचा कप म्हणजे 1995 चा एफए कप. त्यामुळे लोकांना वाटलं आता आपले दिवस आले. 2017 च्या उन्हाळ्यात लुकाकू युनायटेडला विकला, भरपूर पैसे आले, आणि त्या एकाच उन्हाळ्यात रूनी, क्लासन आणि सिगर्डसन असे तीन खेळाडू घेतले, तिघेही स्ट्रायकरच्या मागे, त्याच जागेवर खेळणारे. गोल मारणारा विकला आणि त्याच्या जागी त्याच्या तोडीचा गोल मारणारा घेतलाच नाही. हे मला आजही पचत नाही.

आता हिशोब कसा लागतो बघा. समजा एक खेळाडू 45 मिलियनला घेतला आणि पाच वर्षांचा करार केला, तर दरवर्षी नऊ मिलियन खर्चात पडतात, तुमचा नेहमीचा घसारा. खेळाडू खेळो न खेळो, मॅनेजरला आवडो न आवडो, घसारा चालूच आणि पगारही चालूच. आणि मॅनेजर तर टिकतच नव्हते, कूमन गेले, अ‍ॅलरडाइस आले, मग मार्को सिल्व्हा, मग अँचेलॉटी, मग बेनिटेझ, मग लॅम्पार्ड, मग शॉन डाइश. प्रत्येकाचं फुटबॉल वेगळं. कूमनसाठी घेतलेला खेळाडू सिल्व्हाला नको, सिल्व्हाचा पुढच्याला नको, जाणाऱ्याला भरपाई द्या, येणाऱ्याला नवीन माणसं घेऊन द्या. 2021-22 मध्ये शंभर रुपये कमाई असेल तर त्यातले नव्वदच्या आसपास नुसते पगारात जात होते. अंथरूण पाहून पाय पसरावे हे कुणी त्यांना सांगायला हवं होतं. आणि तेव्हाच गोदीच्या जागेवर नवीन स्टेडियम उभं राहत होतं, तेही कर्ज काढून.

त्यात फेब्रुवारी-मार्च 2022. रशियाने युक्रेनवर हल्ला केला, मोशिरींचे जुने भागीदार, रशियन अब्जाधीश उस्मानोव्ह यांच्यावर निर्बंध आले आणि त्यांच्याशी जोडलेल्या कंपन्यांची स्पॉन्सरशिप क्लबला थांबवायला लागली. आता हे नशिबाचं झालं असं कोणी म्हणेल, आणि मलाही थोडं तसं वाटतं, पण एकाच माणसाच्या गोतावळ्यावर एवढा मोठा भार टाकायचा हा निर्णय तर क्लबचाच होता ना.

तुम्हाला बँकवाले म्हणून आवडेल अशी एक गोष्ट.   आवडेल, पण दुखेलही. अकादमीतून आलेल्या पोराची विकत घेतलेली किंमत शून्य असते, त्यामुळे तो विकला की जवळजवळ सगळी रक्कम नफा म्हणून दिसते, आणि करारभर वाट बघायची गरज नाही, त्याच वर्षी. म्हणून हिशोब जुळवायची वेळ आली की क्लब आधी घरची पोरं विकतात. अँथनी गॉर्डन अकादमीतलाच, जानेवारी 2023 मध्ये न्यूकॅसलला गेला. नियम तोटा थांबवायला केलाय हे मान्य, पण त्याचा परिणाम असा होतो की लहानपणापासून वाढवलेला मुलगाच सगळ्यात विकाऊ ठरतो. हे बदललंच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

प्रश्न : दादा, मी 2022 ला मुलींच्या अंडर-17 वर्ल्ड कपची फायनल डी. वाय. पाटीलला बघितली आणि तेव्हापासून फुटबॉलचं वेड लागलं. पण डाइशची एव्हर्टन बघवायची नाही यार, नुसतं डिफेन्स आणि लांब बॉल. तुम्ही त्याला जिद्द कसं म्हणता? (कॉलेजची विद्यार्थिनी, नेरूळ)

तू त्या स्टेडियममध्ये होतीस म्हणजे तुला आठवत असेल, स्पेन-कोलंबिया, ऐंशी मिनिटं झाली तरी गोल नव्हता आणि शेवटी एका सेल्फ गोलवर 1-0 सुटली. तू उठून गेली नाहीस, कारण काय पणाला लागलंय हे तुला माहीत होतं. एव्हर्टनची एकेक मॅच बघताना मला तसंच व्हायचं.

तुझी तक्रार अर्धी बरोबर आहे. 38 मॅचमध्ये गोल फक्त 40, त्याहून कमी एकट्या शेफील्ड युनायटेडचे, आणि ते शेवटच्या नंबरवर. पण दुसरी बाजू बघ, खाल्लेले गोल 51, त्याहून कमी फक्त आर्सेनल, सिटी आणि लिव्हरपूल यांचे. म्हणजे पॉइंट कापलेली, विकायला काढलेली, मालक कोण होणार याचा पत्ता नसलेली टीम, आणि डिफेन्स देशातला चौथा. टार्कोव्स्की आणि त्याच्याशेजारी 21 वर्षांचा ब्रँथवेट, मागे पिकफर्ड, त्याच्या 13 क्लीन शीट, म्हणजे 13 मॅचमध्ये एकही गोल खाल्ला नाही. हे नुसतं मागे गर्दी करून होत नाही गं, प्रत्येकाला आपली जागा माहीत लागते आणि नव्वद मिनिटं डोकं जागेवर लागतं.

आणि तो सीझन काय सरळ गेला नाही. पहिल्या तीन मॅच हरले, एकही गोल न मारता, त्यातली अ‍ॅस्टन व्हिलाकडून 4-0. दहा पॉइंट कापल्यावर डिसेंबरमध्ये ओळीने चार जिंकल्या, फॉरेस्ट, न्यूकॅसल, चेल्सी, बर्नली, आणि चारही मॅचमध्ये गोल खाल्ला नाही, दोन आठवड्यांत खड्ड्यातून बाहेर. मला वाटलं सुटलो. तर तिथून लीगच्या 13 मॅच एकही विजय नाही! 23 डिसेंबर ते एप्रिल. ते दिवस आठवले तरी नको वाटतं, घरात मॅच लावली की घरचे दुसऱ्या खोलीत जायचे. शेवटी 6 एप्रिलला बर्नलीला 1-0 हरवलं, तेही त्यांच्या गोलकीपरने मारलेला बॉल कॅल्व्हर्ट-लुइनच्या पायाला लागून आत गेला म्हणून, आणि दोन दिवसांनी ते आणखी दोन पॉइंट कापल्याची बातमी, आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात चेल्सीकडून 6-0, एकट्या पामरचे चार.

इथे बाकीच्या टीम मोडतात. 6-0 नंतरच्या रविवारी फॉरेस्टला 2-0. बुधवारी लिव्हरपूलला 2-0, आपल्याकडे रात्री साडेबाराला सुरू झालेली मॅच, ब्रँथवेटचा गोल, मग मॅकनीलच्या कॉर्नरवर कॅल्व्हर्ट-लुइनचा हेडर. गुडिसनवर, म्हणजे घरच्या जुन्या मैदानावर, लिव्हरपूलला 2010 नंतर पहिल्यांदा हरवलं आणि त्यांची लीग जिंकायची आशा तिथेच जवळजवळ संपवली. शनिवारी ब्रेंटफर्डला 1-0, गेयेचा गोल, आणि क्लब सेफ. 21, 24, 27 एप्रिल, एका आठवड्यात तीन विजय आणि एकही गोल खाल्ला नाही. हे सुंदर फुटबॉल होतं असं मी म्हणणार नाही. पण जिद्द शब्द मी कुठे वापरायचा, इथे नाही तर?

पुढच्या सीझनमध्ये मात्र डाइशकडे नवीन काही उरलं नव्हतं, जानेवारी 2025 मध्ये ते गेले आणि डेव्हिड मॉइज परत आले, ते योग्यच झालं.

प्रश्न : सिटीवर लीगचे आर्थिक नियम मोडल्याचे 115 आरोप, त्यांचं घोंगडं भिजत पडलं आणि एव्हर्टनला लगेच फाशी, हा सरळ पक्षपात नाही का? (ऐरोली)

राग समजतो, पण दोन प्रकरणं वेगळी आहेत. एव्हर्टनवर आरोप एकाच नियमाचा, हिशोब समोर, मर्यादा ओलांडल्याची कबुली, त्यामुळे निकाल पटकन लागला. सिटीवर फेब्रुवारी 2023 मध्ये आरोप ठेवले ते कितीतरी वर्षांच्या कारभाराबद्दलचे आहेत आणि सिटीला ते मान्यच नाहीत, त्यामुळे वकील आणि कागद यांचं ढिगाने काम. मला खटकतं ते वेगळंच आहे. कितीला किती पॉइंट हे आधी कुठेही ठरवून ठेवलेलं नव्हतं. दहा, मग सहा, मग आणखी दोन, सीझन चालू असताना. खेळाडूला आणि तिकीट काढणाऱ्याला आपण किती पॉइंटवर आहोत हे एप्रिलपर्यंत माहीत नसणं हा अन्याय आहे, मग क्लब कुठलाही असो.

प्रश्न : दरवर्षी रडत-खडत वाचण्यापेक्षा एकदा खाली जाऊन सगळं साफ करून वर आले असते तर बरं नसतं झालं? (कोपरखैरणे)

नाही भाऊ, अजिबात नाही. हे बोलायला छान वाटतं, पण त्याच सीझनमध्ये खाली गेलेल्या ल्यूटनचं बघा, पुढच्याच वर्षी तिथूनही खाली, थेट तिसऱ्या डिव्हिजनमध्ये. लेस्टर, 2016 चे चॅम्पियन, 2023 मध्ये 34 पॉइंटवर खाली गेले, 2024 ला वर आले आणि 2025 ला परत खाली. संडरलंड 2017 ला गेले ते परत यायला 2025 उजाडलं. प्रीमियर लीगमध्ये शेवटचा आला तरी क्लबला टीव्हीचे आणि इतर मिळून शंभर मिलियन पौंडांहून जास्त मिळतात, खाली गेल्यावर काही वर्षं आधाराचे पैसे देतात पण ते दरवर्षी घटत जातात, आणि चांगले खेळाडू तर पहिल्याच महिन्यात निघून जातात. एव्हर्टनवर तेव्हा अर्धवट स्टेडियमचं कर्ज होतं आणि क्लब घ्यायला निघालेल्या 777 पार्टनर्सचा व्यवहारच फिसकटला. तशा वेळी खाली जाणं म्हणजे काय झालं असतं याची कल्पनाही करवत नाही. शेवटी डिसेंबर 2024 मध्ये फ्रीडकिन ग्रुपने क्लब घेतला, तेही टीम वरच्या डिव्हिजनमध्ये होती म्हणून सोपं गेलं असं मला वाटतं.

एव्हर्टन आजवर दोनदाच खाली गेलाय, 1930 आणि 1951. 1954 पासून अखंड वर आहे. ही गोष्ट जपायची असते.

प्रश्न : मी आणि माझी बहीण आता एव्हर्टन बघायचं ठरवतोय, तुमचा लेख वाचूनच. कुठून सुरुवात करू? आणि ते जुनं स्टेडियम पाडलं का? (उलवे)

पाडलं नाही! गुडिसन पार्क 1892 चं, 1966 च्या वर्ल्ड कपची सेमीफायनल तिथे झाली होती. पुरुषांची शेवटची मॅच 18 मे 2025 ला झाली, साउथॅम्प्टनला 2-0, दोन्ही गोल एनडियायचे, आणि आता ते मैदान एव्हर्टनच्या महिला टीमचं आहे. ही बातमी आली तेव्हा मला फार आनंद झाला, तुम्ही दोघी त्यांच्याही मॅच बघा. पुरुषांची टीम आता नदीकाठी ब्रॅमली-मूर डॉकवरच्या नवीन स्टेडियममध्ये खेळते, तिथली लीगची पहिली मॅच 24 ऑगस्ट 2025 ला ब्रायटनशी, तीही 2-0 जिंकली.

जुन्यातलं बघायचं तर 28 मे 2023 ची बोर्नमथची मॅच आधी बघा, सीझनचा शेवटचा दिवस, जिंकलो नाही तर खाली जायची भीती, आणि 57व्या मिनिटाला डुकोरेने लांबून मारलेला तो गोल. मग 2024 ची लिव्हरपूलची. नवीन मॅचसाठी एकच सांगतो, शनिवारी तिकडची दुपारी तीनची मॅच आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला असते, ऑक्टोबरच्या शेवटी त्यांची घड्याळं बदलतात की साडेआठला जाते, आणि मार्चअखेर परत साडेसातला येते, तेव्हा बऱ्याच जणांचा पहिला हाफ हुकतो.